दूरचा समुद्र आणि त्याची गाळणी

पाणी गाळण्याची आपल्या घरांतली कल्पना फार जुनी आणि फार साधी आहे. घागरीच्या तोंडाला दुपदरी फडके बांधावे, पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी किंवा निवळीचे बी उगाळून घालावे. पाणी नितळ दिसले की ते स्वच्छ झाले. काचेच्या पेटीत समुद्र मांडण्याची हौस ज्याला लागते तो दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारतो, "फिल्टर कोणता घेऊ?" तो याच समजुतीतून. दुकानदार चार-पाच खोकी पुढे ठेवतो. एकात स्पंज असतो, एकात प्लॅस्टिकचे गोळे, एकात फेस काढणारी नळी. प्रत्येक खोक्यावर तेच सर्वोत्तम असल्याचे छापलेले असते आणि गिऱ्हाईक गोंधळून जाते.

गोड्या पाण्यातले मासे आपल्या गावांत नवे नाहीत. बेळगाव, धारवाड, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद यांसारख्या शहरांत कित्येक मराठी घरांच्या बैठकीत माशांची पेटी दिसते. खाऱ्या पाण्याची, जिवंत प्रवाळांची पेटी मात्र निराळी. तिथे गाळणी चुकली तर पाणी गढूळ होत नाही. काचेसारख्या नितळ पाण्यातच जीव मरतात. मिठाचे पाणी फडक्यातून गाळून ते गोड होत नाही, तशी ही घाण फडक्यात अडकत नाही, कारण ती विरघळलेली असते. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो, उरलेले अन्न कुजून अमोनिया होतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा "कोणता फिल्टर?" या प्रश्नाआधी "ही न दिसणारी घाण जाते कुठे?" हा प्रश्न आहे. तो सुटायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली, आणि बहुतांशी तो सोडवला समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसांनी. ज्याच्या दाराशी समुद्र आहे त्याने पाणी खराब झाले की फेकावे आणि नवे आणावे. ज्याच्याजवळ तो नाही त्यालाच पाणी समजून घ्यावे लागते. समुद्रापासून दूर वसलेल्या आपल्या वाचकांना म्हणूनच हा इतिहास जवळचा वाटावा.

दोन स्त्रिया

आरंभ मात्र समुद्रकाठीच झाला. फ्रान्समधल्या ज्युयाक या खेड्यात १७९४ साली जन्मलेली झान विलप्रो पॅरिसमध्ये शिवणकाम करी. पुढे पॉवर नावाच्या व्यापाऱ्याशी लग्न होऊन ती सिसिली बेटावरच्या मेसिना बंदरात राहायला गेली. तिथे तिला कागदी नॉटिलस या अष्टपादाच्या जातीच्या प्राण्याचे कोडे पडले. त्याचे नाजूक पांढरे कवच तो स्वतः बनवतो की दुसऱ्या प्राण्याचे बळकावतो, यावर विद्वानांत वाद होता. मेलेल्या नमुन्यांवरून तो मिटणारा नव्हता. १८३२ च्या सुमारास तिने काचेच्या पेट्या करवून घेतल्या, समुद्रात ठेवण्याचे पिंजरेही केले, आणि जिवंत प्राण्यांवर प्रयोग करून दाखवून दिले, की कवच त्याचे स्वतःचेच असते आणि ते फुटले तर तो दुरुस्तही करतो. शास्त्रीय अभ्यासासाठी वापरलेल्या या पेट्यांमुळे मत्स्यालयाच्या जनकत्वाचा मान तिला दिला जातो. पण गाळणीचा प्रश्न तिच्यापुढे आलाच नाही. मेसिनाची सामुद्रधुनी उंबऱ्याशी होती.

तो प्रश्न आला अ‍ॅना थिन या इंग्रज बाईपुढे. तिचे यजमान लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी या प्रसिद्ध चर्चमध्ये मोठ्या हुद्द्यावर होते आणि बिऱ्हाडही तिथेच. १८४६ साली ती टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेली असता तिला खडकांवर जिवंत प्रवाळ दिसले. आपल्याला पोवळे ठाऊक असते ते अंगठीतले. हे प्रवाळ निराळ्या जातीचे, दगडी घराचे, फुलासारखे उमलणारे. ते लंडनला न्यायचे तिने ठरवले. प्रवासात आपटून मरू नयेत म्हणून सुई-दोऱ्याने ते एका मोठ्या स्पंजाला टाचून घेतले. लंडनला पोचल्यावर खरी अडचण सुरू झाली. समुद्राचे पाणी सारखे मागवणे परवडेना, आणि आहे ते पाणी शिळे होई.

तिने काढलेला उपाय असा : वापरलेले पाणी उघड्या खिडकीपुढे एका भांड्यातून दुसऱ्यात अर्धा-पाऊण तास ओतत राहायचे. आपल्याकडे दूध निववताना वर-खाली करतात तसे. पाण्यात हवा मिसळे आणि ते पुन्हा वापरता येई. हे काम घरातली एक लहान मोलकरीण करी. तिला त्यात गंमत वाटत असे, असे बाईंनी पुढे लिहून ठेवले आहे. मुलीला काय वाटत असे ते तिने स्वतः कुठे लिहिलेले नाही, आणि तिचे नावही त्या लेखात नाही. प्रवाळांच्या पेटीचा पहिला पंप ही मुलगी होती. पुढच्या वर्षी, १८४७ मध्ये, बाईंनी पाण्यात समुद्री शैवाल सोडले. शैवाल उजेडात प्राणवायू सोडते आणि प्राण्यांनी टाकलेले द्रव्य शोषून घेते. अशा रीतीने ते प्रवाळ समुद्रापासून दूर जवळजवळ तीन वर्षे जगले.

समतोलाचे वेड

याच सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा रसायनशास्त्रज्ञ एका भांड्यात सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी ठेवून प्रयोग करीत होता. वनस्पतींनी प्राणवायू द्यावा, माशांनी तो घ्यावा, सडकी पाने गोगलगायींनी खावी, आणि पाणी न बदलता सगळे चालावे, हा त्याचा सिद्धान्त. १८५० साली त्याने तो प्रसिद्ध केला. निसर्गलेखक फिलिप हेन्री गॉस याने तीच कल्पना समुद्राला लावली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि १८५४ मध्ये गॉसचे या विषयावरचे पुस्तक आले. घरी समुद्राचे पाणी कसे तयार करावे याची कृतीही त्याने दिली : साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. या चार क्षारांत कॅल्शियम नव्हते. अशा पाण्यात शैवाल आणि काही प्राणी जगत. पण प्रवाळाचे घर कॅल्शियमचे असते, हे आज क्षारांची पिशवी निवडणाऱ्यानेही विसरू नये.

मग इंग्लंडमध्ये घरोघर मत्स्यालयांचे वेड पसरले. त्याची किंमत किनाऱ्याने दिली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत लिहिले आहे, की वडिलांच्या पुस्तकांनी प्रेरित झालेल्या हौशी लोकांनी खडकांमधली ती सुंदर डबकी ओरबाडून उजाड केली. आणि घरी नेलेले बहुतेक जीव जगलेही नाहीत. समतोल कागदावर सोपा होता. प्रत्यक्षात पेटीत एक मासा जास्त झाला की तो मोडे. घाणीचे काय करायचे याचे उत्तर त्या सिद्धान्तात होते, पण अपुरे होते.

अंधारातला हौद

हे अपुरेपण ज्याने ओळखले तो विल्यम अल्फर्ड लॉइड. लंडनच्या पोर्टलंड रोडवर त्याचे दुकान होते आणि समुद्रापासून दूर राहणाऱ्या गिऱ्हाइकांना तो समुद्राचे पाणी आणि जिवंत प्राणी विकत असे. पाणी किती आहे यापेक्षा ते फिरते किती, हे त्याने धंद्यातून जाणले. प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्या लहान. त्यांच्याखाली अंधारात त्यांच्याहून कितीतरी मोठा हौद. आणि पंपाने दिवसरात्र वर-खाली फिरणारे पाणी, ही त्याची रचना. अंधारामुळे हिरवे शैवाल माजत नसे, फिरण्यामुळे हवा मिळे. हाम्बुर्गचे १८६४ चे मत्स्यालय, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधले १८७१ चे, आणि आंतोन डोर्न याने नेपल्सला स्थापलेल्या संशोधनकेंद्राचे १८७४ चे मत्स्यालय यांमागे लॉइडचेच डोके होते.

बेळगाव-धारवाडकडे आणि हैदराबादेत घराच्या अंगणात जमिनीखाली पाण्याचा 'संप' असतो. प्रवाळांच्या पेटीखालच्या कपाटात आज जी दुसरी टाकी ठेवतात तिलाही 'संप'च म्हणतात, आणि ती लॉइडच्या हौदाची धाकटी आवृत्ती आहे. तिच्यामुळे पाण्याचे एकूण माप वाढते आणि यंत्रे नजरेआड राहतात. पण लॉइडची पद्धत का चालते याचा पुरता उलगडा त्याच्या काळी झालेला नव्हता. हौदाच्या भिंती, नळांची आतली बाजू, खडकांच्या भेगा यांवर कोणी राहत होते आणि काम करीत होते. त्यांची ओळख पटायची होती.

बाप आणि मुलगा

ती पटली शेतीच्या शास्त्रात. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लेझिंग आणि म्युंत्स या दोघांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या नळीतून सांडपाणी सावकाश झिरपवले. वीस दिवस काहीच घडले नाही. अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. मग हळूहळू त्याचे नायट्रेट होऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबले, आणि काही काळाने मातीचा अर्क घालताच पुन्हा सुरू झाले. नुसते रसायन गुंगीच्या औषधाने थांबत नाही. थांबतो तो जीव. म्हणजे वाळू पाणी गाळत नव्हती, वाळूवर बसलेले जीव ते बदलत होते. आपल्याकडे हे काम शतकानुशतके डोळ्यांपुढे चालले होते. बिहारच्या गावांत गुरांच्या गोठ्यांजवळच्या मातीतून सोरा काढीत, आणि तो बंदुकीच्या दारूत पडे. तो सोरा बनवणारे हेच जीव.

इंग्लंडमध्ये रोदमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात हा धागा ज्याने पुढे नेला त्याचे नावही रॉबर्ट वॉरिंग्टन, सोनमाशांच्या प्रयोगवाल्या वॉरिंग्टनचा मुलगा. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होते, या दोन पायऱ्या निराळ्या आहेत आणि त्या निराळ्या जिवांच्या आहेत, हे त्याने दाखवले. ते जीव वेगळे काढण्यासाठी त्याने वर्षानुवर्षे धडपड केली. ते यश १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की याला मिळाले. बापाने भांड्यातल्या समतोलाचा सिद्धान्त मांडला; त्यात जो दुवा सुटला होता तो मुलाला शेताच्या मातीत सापडला. या योगायोगाची गंमत वाटते. पण ते ज्ञान मातीतून पुन्हा काचेच्या पेटीत यायला आणखी अर्धे शतक जावे लागले.

नव्या पेटीत पहिले काही आठवडे मासे घालू नयेत असे जाणकार सांगतात त्याचे कारण या वीस दिवसांत आहे. कितीही महागडा फिल्टर आणला तरी त्यावर जीव बसायला तीन ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया आणि नायट्राइट चढतात, मग उतरतात. ते दोन्ही शून्यावर येईपर्यंत जे घाई करतात त्यांचे मासे मरतात आणि दोष फिल्टरला जातो.

मासे जगले, प्रवाळ मेले

विसाव्या शतकाच्या मध्यावर घरगुती पेटीत एक युक्ती रूढ झाली. तळाशी भोके पाडलेली प्लॅस्टिकची ताटली, तिच्यावर वाळूचा थर, आणि हवेच्या बुडबुड्यांच्या जोरावर वाळूतून खाली ओढले जाणारे पाणी. सगळी वाळूच गाळणी झाली, कारण कणाकणावर जिवाणू बसले. १९५९ साली अमेरिकेत रॉबर्ट स्ट्रॉहन याचे घरगुती सागरी मत्स्यालयावरचे पुस्तक आले, १९६४ मध्ये तयार क्षारांची पिशवी बाजारात आली, आणि समुद्रापासून हजारो मैलांवरच्या घरांत रंगीत सागरी मासे दिसू लागले. प्रवाळ मात्र काही केल्या टिकेनात.

कारण उघड होते, पण कळायला वेळ लागला. जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. ते नायट्रेट पाण्यातच राहते. माशांना ते पुष्कळसे सोसते. प्रवाळभित्ती मात्र ज्या समुद्रात वाढतात त्याचे पाणी खतद्रव्यांच्या दृष्टीने जवळजवळ वाळवंटासारखे असते. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, ते उजेडावर अन्न बनवून यजमानाला देते. पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट वाढले की हा सौदा बिघडतो, आणि बाहेरचे शैवाल माजून प्रवाळाला गिळून टाकते. म्हणजे वाळूची गाळणी घाण घालवत नव्हती, तिचे रूप पालटत होती.

याला पहिले उत्तर आशियातून आले. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत लिहिली. फिल्टर नाही, समुद्रातून आणलेले, जिवांनी भरलेले 'जिवंत दगड', ताजे समुद्राचे पाणी, उजेड आणि थोडी हवा. एवढ्यावर त्यांच्या पेटीत प्रवाळ जगत होते. सच्छिद्र दगडाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे प्राणवायू आहे, अमोनियाचे नायट्रेट होते. आत खोल, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले दुसरे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. एकाच दगडात दोन्ही कामे होतात, हे आज आपण जाणतो. पण जाकार्ता समुद्रकाठी होते. दूरच्या देशात नेताना दगडावरचे जीव वाटेत मेले, तर तो दगड गाळणी न राहता कुजण्याचे आगर होतो. युक्ती बरोबर होती. तिला जोड हवी होती.

गुऱ्हाळातली मळी

ती जोड जर्मनीत मिळाली. आपल्या भागात गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला ती चटकन कळेल. काहिलीत रस उकळू लागला की भेंडीचा चिकट रस घालतात; मळी फेसाबरोबर वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. ती आत कढू दिली तर गूळ काळा होतो. समुद्रही किनाऱ्यावर हेच करतो : लाटांच्या बुडबुड्यांना सेंद्रिय द्रव्य चिकटते आणि वाळूवर पिवळट फेस पडतो. उभ्या नळीत पाणी आणि बारीक बुडबुडे एकमेकांविरुद्ध सोडून तो फेस वरच्या कपात गोळा करायचा, हे यंत्र पश्चिम जर्मनीत १९६० च्या दशकात घरगुती पेटीपर्यंत पोचले. दुकानात त्याला स्किमर म्हणतात. आतापर्यंतची प्रत्येक गाळणी घाण कुजल्यावर तिच्यावर काम करी. हिने ती कुजण्यापूर्वीच बाहेर काढली. फरक एवढाच, पण प्रवाळांच्या दृष्टीने जीवनमरणाचा.

तरी दोन वाटा आणखी काही काळ शेजारीशेजारी चालल्या. १९८६ साली जॉर्ज स्मिट याने अमेरिकेतल्या मासिकातून हॉलंडची पद्धत लोकप्रिय केली : प्लॅस्टिकच्या तुकड्यांवरून हवेत ठिबकणारे पाणी. तिचे मूळ शहरांच्या सांडपाण्याच्या केंद्रांत होते. अमोनिया ती झपाट्याने संपवी, पण नायट्रेटचा डोंगर करी. उलट बर्लिनमधल्या हौशी मंडळींनी, ज्यांत डीट्रिख श्टूबर यांचे नाव अग्रभागी आहे, तुकडे आणि गोळे काढूनच टाकले. भरपूर जिवंत दगड, जोमदार स्किमर, प्रखर दिवा आणि चुन्याची निवळी एवढेच ठेवले. ही चुन्याची निवळी म्हणजे आपल्या पानाच्या डब्यातल्या चुन्याचे नितळलेले पाणी, तेवढे साधे. स्विस लेखक पीटर विल्केन्स यांनी तिचा आग्रह धरला होता. तिने प्रवाळाला कॅल्शियम मिळे. बर्लिन समुद्रापासून दूर, तिथे कडाक्याची थंडी, आणि तिथेच श्टूबरांच्या पेटीत शाखादार प्रवाळ इतके वाढले की त्याचे तुकडे तोडून मित्रांना वाटता आले. झाडाची फांदी लावावी तसा तो प्रवाळ घरोघर गेला. १९९४ साली डेल्बीक आणि स्प्रंग यांच्या ग्रंथाने ही पद्धत इंग्रजी वाचकांपर्यंत नीट पोचवली.

याहून निराळ्या वाटाही झाल्या. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी जाळीवर शैवाल वाढवून ते खरवडून काढण्याची रीत बसवली; अ‍ॅना थिनच्या शैवालाचीच ती सुधारलेली आवृत्ती. मोनाकोमध्ये झाँ जोबेर यांनी जाड वाळूच्या थराखाली स्थिर पाण्याची पोकळी ठेवून नायट्रेट संपवले. प्रत्येकाने एकाच प्रश्नाला उत्तर दिले : हे काम कोणाला सांगायचे? शैवालाला, वाळूला, दगडाला की फेसाला?

हे काम करणारे जीव कोण, याची गणतीही अजून पुरी झालेली नव्हती. पेटीत नायट्राइटवर काम करणारे जिवाणू पाठ्यपुस्तकात सांगितलेले नसून दुसऱ्याच वंशाचे आहेत, हे टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले. आणि २००५ साली सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातल्या उष्णकटिबंधीय टाकीच्या तळातून एक सूक्ष्मजीव वेगळा काढण्यात आला, जो जिवाणूच नव्हता. तो आर्किया या स्वतंत्र कुळातला होता, आणि अमोनियावर जगत होता. अशा जिवांचे जगाच्या समुद्रांत केवढे मोठे काम चालते हे त्यानंतर उमजत गेले. समुद्राचे एक गुपित मत्स्यालयाच्या खड्यांत सापडले.

मग काय घ्यावे?

हा इतिहास वाचून दुकानात जाणाऱ्याचा प्रश्न बदलतो. खोके निवडण्याआधी कामे निवडावी. घाणीचे रूपांतर करायला सच्छिद्र दगड. ती कुजण्यापूर्वी काढायला पेटीच्या मापापेक्षा थोडा मोठा स्किमर. माप वाढवायला आणि यंत्रे ठेवायला खाली संप. पाणी खेळते ठेवायला पंप. खर्च करायचा तर या चारांवर. स्पंज किंवा कापूस ठेवावा, पण दोन-चार दिवसांनी धुवावा; न धुतलेला स्पंज ही नायट्रेटची गिरणीच. प्लॅस्टिकच्या गोळ्यांचा मोह प्रवाळांच्या पेटीत टाळावा. नळाचे पाणी थेट वापरू नये, आर. ओ.च्या शुद्ध पाण्यात, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षारता येईल अशा बेताने, कॅल्शियमयुक्त तयार क्षार मिसळावे. मासे थोडे ठेवावे. ग्वाल्हेर-इंदूरच्या उन्हाळ्यात पाणी थंड ठेवण्याचा खर्च आधीच धरावा.

आणि वीज. आपल्याकडे ती जाते. पंप थांबला की भरलेल्या पेटीतला प्राणवायू काही तासांत ओसरतो, आणि त्यावर जगणारे जिवाणूही गुदमरतात. म्हणून पहिल्या यादीतच बॅटरीवर चालणारा हवेचा पंप किंवा इन्व्हर्टर असावा. वेस्टमिन्स्टरच्या खिडकीपुढे उभी राहून पाणी ओतणाऱ्या त्या मुलीचे काम आजही कोणाला तरी करावेच लागते.

दगडांबद्दल मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. गोव्याच्या ग्रँड बेटापाशी आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला खोल समुद्रात आंग्र्यांचे नाव मिरवणारी अँग्रिया बँक ही बुडालेली प्रवाळभित्ती आहे. सुटीत कोकणात किंवा गोव्याला गेलेल्या आपल्या मंडळींना दोन दगड उचलून आणण्याचा मोह होईल. २००१ साली भित्ती बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आले. तेथून ते उचलणे हा गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी एडमंड गॉसने वर्णिलेली उजाड डबकी आठवावी. बनवलेला सच्छिद्र दगड घ्यावा, जुन्या पेटीतल्या वाळूचे विरजण लावावे, आणि वाट पाहावी. थोडे महिने जास्त लागतील.

या हौसेला आज निराळे वजन आले आहे. तापलेल्या समुद्राने १९९८, २०१६ आणि पुन्हा २०२३ पासून जगभरचे प्रवाळ पांढरे पाडले. २०२३ च्या जुलैमध्ये फ्लोरिडाजवळचे पाणी इतके तापले, की तिथल्या संशोधकांनी समुद्रातल्या रोपवाटिकांमधले प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणले. ते तिथे जगवण्यासाठी पाणी फिरवण्याचे आणि सांभाळण्याचे जे ज्ञान लागते ते दीडशे-पावणेदोनशे वर्षांत थेंबाथेंबाने साठले, आणि त्यात विद्यापीठांच्या बरोबरीने दुकानदार, गृहिणी, हौशी बर्लिनकर आणि एका मोलकरणीचा वाटा आहे. पेटी मांडणाऱ्याने हे ओझे म्हणून घेऊ नये. पण एखादा प्रवाळ घरी आणण्यापूर्वी तीन आठवडे रिकाम्या पेटीपुढे बसून अमोनियाचा आकडा खाली येताना पाहण्याइतका धीर त्याच्याजवळ असावा. तो धीर कोणत्याही खोक्यात मिळत नाही, आणि त्याच्यावाचून कोणतीही गाळणी चालत नाही.